एसी बंद करून म्हटलेलं गाणं

रेकॉर्डिंगसाठी एसी बंद करायचा, हे बहरीनमध्ये ऐन ऑगस्टात बायकोला सांगायला छाती लागते. मी सांगितलं. आमच्या गुदैबियातल्या फ्लॅटचा खिडकीतला एसी असा घरघरतो, की फोनवर गाण्याऐवजी पिठाची गिरणी रेकॉर्ड होते.

गाणं अमेरिकन, रॉक अँड रोल नुकतं जन्मलं होतं तेव्हाचं. त्यात पियानो वाजवायचा नसतो, बडवायचा असतो. शेवटी गाणाऱ्याने जीव खाऊन किंचाळायचं. बडवायला मी, किंचाळायला माझा मित्र. तो मूळचा रत्नागिरीचा, इथे एका गोदामात स्टोअरकीपर. आमच्याकडचा गणपती असो की त्याच्याकडची ईद, आमचा हा एकच प्रयोग ठरलेला. लोक टाळ्या वाजवत, पण नजर मोदकांवर नाहीतर बिर्याणीवर.

त्याची नोकरी संपली, व्हिसाही संपत आला. रविवारी तो कायमचा गावी निघणार होता. शुक्रवारी नमाज आटोपून आला आणि म्हणाला, "एकदा नीट रेकॉर्ड करून दे. घरी मला कुणी गाताना ऐकलंच नाही रे. रजेवर गेलो की मी पाहुणा. पाहुणा कधी किंचाळतो का?"

इस्त्रीच्या टेबलावर कीबोर्ड मांडला. पहिल्या खेपेला मी इतक्या तावात बडवलं, की टेबलाचा पाय दुमडला. दुसऱ्या खेपेला अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान सुरू झाली. त्याने हात वर केला, आम्ही घाम पुसत बसलो. तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "बटाट्यांना कुकर तरी लागतो, मी नुसतीच शिजतेय!"

"वहिनी, शेवटचं! यल्ला, चल रे, घे!"

शेवटच्या खेपेला मात्र सगळं जमून आलं. फक्त किंचाळी आली नाही. त्याने तोंड उघडलं, आवाजच फुटेना. मी नाटकांत कामं केलेला माणूस, दुप्पट बडवून वेळ मारून नेली. तो सोफ्यावर बसला. "बस झालं रे. दमलो. एसी लाव."

त्याच्या फोनवर रेकॉर्डिंग चालूच होतं.

"शेवट कापतो," मी म्हणालो. "नाहीतर अजून एकदा घेऊ."

"खलास. आता होत नाही." माझ्या हातातून फोन घेऊन त्याने ते तसंच गावी आपल्या बायकोला पाठवून दिलं.

आम्ही घामाघूम होऊन वाट बघत बसलो. इतक्या वर्षांत प्रेक्षकांची एवढी धास्ती मला कधी वाटली नव्हती. व्हॉइस मेसेज आला. त्याने स्पीकरवर लावला.

"गाणं काय कळलं नाय. मागे पत्रा कोण बडवतोय? पण शेवटचं कळलं. दमलात ना? या आता. एसी नाय, पंखा आहे."

त्याने मेसेज पुन्हा लावला. मी एसीच्या बटणाशी पोचलो होतो. तिचा आवाज संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.