खमिराचे डॉक्टर

माझ्या उभ्या आयुष्यात मला एकाच माणसाने तोट्यात घातलं, आणि तेही खरं बोलून. बाकी कुणाची हिंमत झाली नाही. मैदावाले, लाकूडवाले, भट्टी बांधणारे, बिल्डरची माणसं, सगळ्यांशी मी घासून सौदे केले आहेत. लालबागच्या नाक्यावर अजून दोन दलाल मला बघून रस्ता बदलतात. बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा मी मुलगा. सायकलच्या हँडलला पिशव्या लटकवून ज्या बेकरीचे पाव घरोघर टाकायचो, तीच बेकरी पुढे विकत घेतली. अशा मला हरवलं कोणी, तर आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, मोज्यांवर चपला घालणाऱ्या आणि रोज सकाळी दोन पाव चिमट्याने उचलून नेणाऱ्या डॉक्टरांनी.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत. हे इमारतीला कळायला बरीच वर्षं गेली आणि तळमजल्यावरच्या मालवणी काकींना तर शेवटपर्यंत पटलं नाही. त्या जिन्यात डॉक्टरांना अडवायच्या. "डॉक्टरांनू, माजो गुडघो जरा बघा मा." डॉक्टर थांबायचे, गुडघ्याकडे खरोखर बघायचे आणि म्हणायचे, "काकी, मी यीस्टचा डॉक्टर आहे." काकी म्हणायच्या, "मगे यीस्टाक गुडघे नसतत?" यावर दुसरा माणूस हसला असता. डॉक्टर विचारात पडायचे, आणि दुसऱ्या दिवशी काकींना सांगायचे की गुडघे नसतात, पण एका ठिकाणी वाकण्यासारखं काहीतरी असतं.

परळच्या एका संशोधन संस्थेत ते नोकरीला होते. तिथे काय करता, असं मी एकदा विचारलं आणि माझी सकाळची सगळी गिऱ्हाइकी त्यांनी गल्ल्यासमोर उभी ठेवली. त्यातून मला समजलं ते असं. यीस्टच्या प्रत्येक पेशीत एक पोथी असते. पोथी कायम तीच, पण पेशी ती सगळी कधीच वाचत नाही. साखर मिळाली की एक पान उघडते, उपाशी राहिली की दुसरं, गरम झालं की तिसरं. जे पान वाचायचं त्याची ती एक नक्कल काढते आणि त्या नकलेवरून काम करते. काही नकलांचं पुढे काहीच होत नाही, त्यांना बाकीचे लोक गोंगाट म्हणतात; डॉक्टर म्हणत, आपल्याला समजत नाही म्हणून गोंगाट. कोणत्या वेळी कुठल्या पानांच्या नकला निघाल्या, प्रत्येक नक्कल नेमकी कुठल्या अक्षरापासून सुरू झाली आणि कुठे थांबली, याचा या टोकापासून त्या टोकापर्यंत नकाशा काढायचा, हे डॉक्टरांचं काम. यीस्टचा झाला की दह्यातल्या जंतूंचा, मग मातीतल्यांचा.

"आणि नकाशा पुरा झाला की?" मी विचारलं.

"पुरा कसा होईल? तेवढ्यात पेशीने पान उलटलेलं असतं."

असा धंदा मी एक दिवस केला नसता.

या नकला म्हणे फार नाजूक. हाताच्या घामानेसुद्धा नासतात. त्यामुळे डॉक्टरांना प्रयोगशाळेत हातमोजे घालायची सवय, आणि ती सवय त्यांच्याबरोबर घरी आली. जिन्याचा कठडा ते धरत नसत. दाराची घंटा कोपराने वाजवत. गणपतीत आमच्या मंडळाच्या आरतीला आले तेव्हा रबरी हातमोज्यांत प्रसाद घेतला. मंडळाच्या पोरांना वाटलं, हा अन्न तपासणीवाला. दोघांनी जाऊन शिऱ्याचं पातेलं झाकलं, एकाने अध्यक्षांना फोन लावला. डॉक्टरांनी शिरा खाल्ला, हातमोजे उलटे करून खिशात ठेवले आणि पोरांना शाबासकी दिली, की झाकण ठेवता हे उत्तम करता.

त्यांच्या कानालाही कामाचीच खोड होती. माणूस काय बोलतो यापेक्षा बोलणं कुठून सुरू होतं आणि कुठे थांबतं, इकडे त्यांचं लक्ष. काकींची गोष्ट एकाच वेळी तीन ठिकाणांहून सुरू होते आणि तिला थांबायची जागाच नाही, असं त्यांचं निदान होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. शिवाजी पार्कला सगळे ज्या दिशेने फेऱ्या मारतात त्याच्या उलट दिशेने ते चालत. पोथी उलट्या बाजूनेही वाचली जाते आणि त्यातही अर्थ असू शकतो, हे त्याचं कारण. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. अर्ध्या दादरने आम्हाला धक्के मारले.

माझ्या रागाचाही त्यांनी नकाशा काढला होता. एका मैदावाल्याला मी दुकानात फैलावर घेतलं होतं. तो गेल्यावर डॉक्टर कोपऱ्यातून म्हणाले, "शेठ, तुमचा राग 'हे बघा' पासून सुरू होत नाही. लोकांना तसं वाटतं. तुम्ही त्याआधी खांद्यावरचा पंचा काढून घडी घालता. राग तिथे सुरू होतो."

मी म्हटलं, "हे बघा डॉक्टर," आणि बघतो तर पंचा माझ्या हातात.

एवढा बारकाईचा माणूस, पण व्यवहारात शून्य. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी त्यांना हिंदमाताला नेलं. दुकानदार कसलेला होता. मी दोनदा उठून पायरीपर्यंत गेलो, दोनदा परत बसलो. शेवटी त्याने कपाळाला हात लावला आणि माझा भाव कबूल केला. तेव्हा डॉक्टर त्याला म्हणाले, "खरं म्हणजे पहिल्या किमतीलासुद्धा मला ही साडी योग्यच वाटली होती." दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यानंतर त्या दुकानाच्या बाजूने जात नाही.

आता माझ्या तक्रारीचं सांगतो. ती साडीची नाही.

मी बेकरी घेतली तेव्हा जुन्या मालकांशी सगळ्यात जास्त घासाघीस एका बरणीसाठी केली होती. मालक गोव्याचे. त्यांच्या वडिलांनी माडाची ताजी माडी घालून धरलेलं खमीर त्या बरणीत होतं. रोज थोडं काढायचं, रोज मैदा-पाणी घालून तेवढंच वाढवायचं. असं ते दोन पिढ्या जिवंत राहिलेलं. बाजारातल्या यीस्टवर पाव फुगतो, पण आमच्या पावाला मागून जो किंचित आंबटपणा येतो तो येत नाही. परळ-भायखळ्यातली माणसं त्या आंबटपणासाठी दोन बेकऱ्या ओलांडून माझ्याकडे येत. माझ्याकडे जे काही आहे ते त्या बरणीतून आलं. घरच्यांनाही मी तिला हात लावू देत नसे.

डॉक्टरांनी चमचाभर खमीर मागितलं. मी म्हटलं, देतो, पण तपासून लिहून द्या की हे खमीर खास आहे, दुसरीकडे कुठे नाही. मी ते काचेत लावीन. डॉक्टर म्हणाले, तपासतो. माझ्या समजुतीने सौदा पक्का झाला.

काही महिन्यांनी ऐन गर्दीत येऊन त्यांनी निकाल सांगितला. "शेठ, तुमचं यीस्ट चांगलं निरोगी आहे. पण खास असं काही नाही. पोथी जवळजवळ बाजारातल्या यीस्टसारखीच आहे."

"हळू बोला," मी म्हणालो.

"यात लपवण्यासारखं काही नाही," ते आणखी मोठ्याने म्हणाले. रांगेतल्या एका बाईंनी, मग भाव खास कशाला, असं विचारलं. डॉक्टरांनी दोन पाव चिमट्याने उचलले, पैसे दिले आणि गेले. त्या दिवशी मी पंचा घडी करून करून फाडला.

वर्षभर मी त्यांच्याशी पावापुरतं बोललो. मग लाकडाची भट्टी काढून गॅसची बसवायची वेळ आली. आठवडाभर बेकरी बंद होती. बसवायला आलेल्या माणसांनी सगळं घासूनपुसून लख्ख केलं, माझी बरणी कुठे ठेवावी हे न सुचल्याने ती नव्या भट्टीच्या माथ्यावर ठेवली आणि भट्टी तापते का हे बघायला दिवसभर पेटवली. संध्याकाळी मी झाकण उघडलं. आत खळ शिजली होती.

मी त्यांना काय बोललो ते छापण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर मला कळलं की उद्यापासून माझी बेकरी इतर कुठल्याही बेकरीसारखी आहे.

तिसऱ्या मजल्यावर जायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. डॉक्टरांनी कोपराने दार उघडलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "आहे ना. तुमचं यीस्ट माझ्याकडे गोठवलेलं आहे. उणे ऐंशी अंशांवर. उठवू."

अडलेल्या माणसाकडून काय काय काढता येतं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी खाली मान घालून विचारलं, "काय घेणार?"

"नेहमीचे दोन पाव. पैसे देऊन."

बाटली आली. मी खमीर धरलं. पाव असा फुगला की कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी एक तोडून तोंडात टाकला आणि थुंकला. आंबटपणाचा पत्ता नाही. कापूस.

डॉक्टर चिमटा घेऊन आले. त्यांनी वास घेतला, चावला, बराच वेळ चावत राहिले. मग पायरीवर बसले. त्यांना असं कुठेही बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझी चूक आहे," ते म्हणाले. "तुमच्या चमच्यात यीस्टबरोबर दुसरे जंतू होते. दह्यात असतात तसले. आमच्याकडे नमुना आला की पहिलं काम ते काढून टाकणं. एकच पेशी वेगळी घ्यायची, तीच वाढवायची, बाकी सगळा मळ. असंच करतात. मी विचारसुद्धा केला नाही."

"म्हणजे आंबटपणा..."

"त्यांचा होता. आणि ते शेजारी असताना यीस्टसुद्धा वेगळी पानं वाचत असणार. मी त्याला एकटं ठेवून नकाशा काढला आणि खास नाही म्हणालो."

मी पंचा काढला, घडी घातली. "हे बघा डॉक्टर. ज्या नकलांचं काही होत नाही, ज्यांना तुमच्यातले लोक गोंगाट म्हणतात, त्यांच्या बाजूने तुम्ही माझ्या गल्ल्यावर तासतासभर भांडलात. 'आपल्याला समजत नाही म्हणून गोंगाट.' कोणाचं वाक्य? आणि माझ्या बरणीतलं अर्धं कुटुंब मळ म्हणून मोरीत ओतलंत."

"मोरीत नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी उकळलं. तसा नियम आहे."

अशा माणसावर चिडून तरी काय होणार.

त्यानंतर त्यांनी माझ्या बेकरीचा ताबा घेतला. सगळं धुऊन निघालं होतं, पण कणीक मळायची जुनी लाकडी काथवट मागच्या बोळात पडली होती, ती त्यांनी शोधून काढली. "फटीत कोणीतरी असेल." तीच वापरायची आणि पाण्याने धुवायची नाही, नुसती खरवडायची, असा हुकूम निघाला. मी माडी आणली. कामगारांना त्यांनी हातमोजे घालायला बंदी केली. हे ऐकून काकी जिन्यातून म्हणाल्या, "आता डॉक्टर बरो झालो." आणि खरंच, एके सकाळी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि उघड्या हातांनी त्या काथवटीत कणीक मळली. मनगटापर्यंत बरबटलेले हात ते असे बघत होते, जणू कोणाचे तरी उसने आणलेत.

रोज सकाळी ते यायचे. पाव तोडून नाकाशी धरायचे. "अजून नाही." पैसे द्यायचे, जायचे. गिऱ्हाईक हळूहळू पांगत होतं. मी भाव उतरवला, जे मी जन्मात केलं नव्हतं. गणपती गेले, पावसाळा गेला. "अजून नाही." एकदा मी वैतागून म्हटलं, आलं म्हणा की, कोणाला कळतंय. ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय."

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला राहायला गेले. सामान उतरवताना त्यांनी जिन्याचा कठडा धरला होता. टॅक्सीत बसण्यापूर्वी दुकानात आले, पाव नाकाशी धरला आणि नुसती मान हलवली. मी पैसे घेणार नाही म्हणालो. त्यांनी गल्ल्यावर ठेवले.

थंडी पडली त्या सुमाराची गोष्ट. पहाटे पहिली लादी निघाली, मी सवयीने एक पाव तोडला, आणि हात तिथेच थांबला. पुन्हा वास घेतला. दुसरा तोडला. भट्टीवाला म्हणाला, "काय शेठ, कच्चा राहिला का?" मी तिसरा तोडला. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक आलं, पाव घेऊन गेलं. कोणी काही म्हणालं नाही. काकींना एक दिला तर म्हणाल्या, "बरो आसा," पण त्या कालच्या पावालाही बरो आसा म्हणाल्या होत्या.

दोन पाव मी बाजूला काढून ठेवले होते. चिमटा त्यांच्या शेजारी. दुपारपर्यंत ते तसेच पडलेले बघितले, मग नागपूरला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तब्येत विचारली, मुलीची विचारली, तिकडच्या थंडीची विचारली. मग म्हटलं, "डॉक्टर, मला वाटतं, आलं. पण तुम्ही सांगितल्याशिवाय खरं कसं धरू?"

पलीकडे ते कान देऊन बसले असणार, मी कुठून सुरू केलं ते आठवत.

"इथून वास कसा येईल, शेठ?" ते म्हणाले. "पण तुम्ही माझ्याशी इतका वेळ बोललात आणि पंचा खांद्यावरच आहे. आहे ना?"

मी खांद्याला हात लावला. होता.

"मग आलं," डॉक्टर म्हणाले.

खास असल्याचं त्यांनी अजून लिहून दिलेलं नाही. काचेतली ती जागा मी रिकामीच ठेवली आहे, आणि त्याबद्दलचा माझा राग कायम आहे. दोन पाव तेवढे रोज दुपारपर्यंत बाजूला असतात. कोणी भाव विचारला तर ते विकायचे नाहीत.