जबल अख्दरचे झैतूनचाचा

झैतूनचाचा झाडांशी गोड बोलत नसत, भांडत. "आंबा असतीस तर एव्हाना डोक्यावरून गेली असतीस! लाज आण जरा," असं ऑलिव्हच्या गुडघाभर रोपाला सुनावायचे. ऑलिव्हला ओमानमध्ये झैतून म्हणतात, म्हणून हे नाव. चाचा मूळचे दापोलीकडचे. जबल अख्दर डोंगरावर, जिथे हिवाळ्यात पहाटे दव गोठतं, तिथे एका ओमानी अर्बाबाची, म्हणजे मालकाची, बाग सांभाळायचे. त्यांची बहीण खाली मस्कतमध्ये, दार्सैतला आमची शेजारीण, त्यामुळे सुट्टीत आमची वर फेरी ठरलेली.

थंडीत ते रोपांच्या खोडांना गोणपाट गुंडाळत आणि स्वतः मात्र एका विटक्या स्वेटरवर फिरत. "थंडी हवी, पण मोहोरापुरती. जास्त झाली की खलास!"

मी पुण्यात शिकणारी, पत्रकं वाटणारी, घोषणा देणारी. गेल्या जानेवारीत वर गेले तर नवी रोपं काळी पडलेली. अर्बाब म्हणाला होता, उपटून टाका. मला तेवढंच पुरलं. घाट उतरायच्या आत मस्कतच्या मराठी ग्रुपवर टाकलं : ‘पैशासाठी झाडं मारली, आता पुरावा उपटतोय! या अर्बाबाचा निषेध!’ लोकांनी संतापलेली लाल तोंडं पाठवली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन. "काय गो, मला विचारलंस तरी? आंब्याच्या कलमाचे करतो तसे लाड केले मी. थंडीच्या तोंडावर शेणखत, वर भरपूर पाणी. अर्बाब नको म्हणत होता. कोवळी पालवी फुटली आणि हिमाने धरली."

ते तिथेच थांबले नाहीत. माझा मजकूर त्यांनी स्वतः अर्बाबाला हिंदीत वाचून दाखवला आणि चूक कबूल केली. अर्बाब म्हणाला, राहू दे, उन्हाळ्यापर्यंत वाट बघू. तरी चाचांनी खाली किनाऱ्यावर, सीब शहरातल्या त्याच्याच दुकानात बदली मागून घेतली. "ओरडला असता तर राहिलो असतो. माफ केलंन. आता कुठल्या तोंडाने राहू?"

मी मजकूर पुसला, तोवर तो मस्कतमधल्या हमरियाच्या दुकानांपर्यंत पोचला होता. माफीचं पत्रक कसं लिहायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

मे महिन्यात मी पुन्हा सुट्टीवर आले, तेव्हा अर्बाबाने चाचांच्या बहिणीला फोटो पाठवला. वाळक्या रोपांच्या बुंध्यातून हिरवे कोंब आले होते. मी फोटो घेऊन सीब गाठलं. चाचांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. हसतील असं वाटलं होतं.

"पाणी साचलंय मुळाशी. कुजतील. लाव फोन अर्बाबाला."

मी लावला. त्यांनी फोन माझ्याकडेच ढकलला. "तू बोल. मला लाज वाटते."

"आणि मला वाटत नाही?"

"वाटू दे की. झाडं मरतायत तिकडे."

पलीकडून अर्बाबाचा आवाज आला, "हां, कौन?"

मी नाव सांगितलं.