शिष्यवृत्तीच्या सत्काराला आणलेली बाई

गेल्या भाद्रपदात माझा सत्कार झाला, त्याला मी एका बाईला घेऊन गेले. न्यायला नको होतं. हे आज सुचलेलं शहाणपण नाही, तेव्हाही मला कळत होतं.

मी एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात संशोधन करणारी डॉक्टर. माझा विषय पिशवी काढलेल्या बाया. आमच्या बीडकडे गर्भाशय कुणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायका ती तिशीच्या आतच काढून टाकतात, पाळीपायी कामाला खाडा नको म्हणून. पुढे हाडं लवकर ठिसूळ होतात. किती लवकर, ते मला मोजायचं होतं. गावोगावहून बायकांना आणायची गाडी, तपासण्या, माझं पोट, सगळं एका शिष्यवृत्तीवर चालायचं. आमच्या भागातल्या एका बड्या बागायतदार पुढाऱ्यानं आईच्या नावानं ती ठेवली होती. दुसऱ्या वर्षी ती मिळाली नाही तर काम अर्ध्यावर पडणार होतं, आणि अर्ध्या संशोधनाला कुत्रं विचारत नाही.

सत्काराच्या आठ दिवस आधी त्या पुढाऱ्याच्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, एखादी तरी लाभार्थी बाई स्टेजवर पायजे. माणूस समोर दिसल्याबिगर साहेब सही करत न्हाईत."

बायकांना मी शब्द दिला होता, तुमचं नाव कुठंही फुटणार नाही. पण गरजवंताला अक्कल नसते. नांदूरघाटच्या बाजूची एक बाई होती, मी तिला वैनी म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तपासणीला कधी न चुकणारी. माझ्या यादीत सगळ्यात वाईट हाडं तिचीच. मीच तिला बजावलं होतं, मोळी डोक्यावर घेऊ नका, मणका बसेल. ती हसली होती. "ताई, मोळी न्हाई उचलायची तर मुकादम मला आरती कराया नेईल का?"

सत्काराचं विचारलं तर म्हणाली, "तुमचं काम व्हतंय ना? मग येते की. निस्तं बसायचंच हाय ना?"

"नुसतं बसायचं," मी म्हणाले. "कुणी काही विचारणार नाही."

मंडपात साहेबांच्या पत्नीनं आधी आम्हा दोघींची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. पिशवी काढलेली वैनी पदर पसरून उभी होती आणि मी नजर वळवली. ती मात्र नव्या खणावरून हात फिरवत होती. मग निवेदकानं माझा अहवाल हातात घेतला. दुसऱ्या वर्षाच्या आशेनं मीच तो तिखटमीठ लावून लिहिला होता. नाव त्यात नव्हतं. पण वैनी शेजारीच बसलेली, नाव कशाला लागतंय?

"या आपल्या भगिनी! वय अवघं तेहतीस आणि हाडं साठीच्या म्हातारीची! वजन उचलणं यांच्या जिवाला धोका!"

टाळ्या पडल्या. पुढाऱ्याच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगा मुकादमांच्या असतात, कारण गाड्या भरून माणसं तेच आणतात. परक्या माणसाला हे ठाऊक नसेल. माझ्या आईनं बारा हंगाम ऊस तोडला, मला ठाऊक नसेल तर कुणाला? आणि दिवस तर दसऱ्याआधी मुकादमांनी ऊसतोडीच्या टोळ्या पक्क्या करायचे. वैनीचा मुकादम दुसऱ्या रांगेत मोबाईल बघत बसला होता. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे बघतच राहिला. मी उठून निवेदकाला थांबवू शकले असते. उठले नाही. मंजुरीचं पत्र अजून साहेबांच्या हातात होतं.

पत्र मिळालं.

चौथ्या दिवशी वैनी केंद्रावर आली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या गड्याला कोणी नेत नाही. "मुकादम म्हनतो, तुझी बायको फडात मेली तर माझ्या गळ्यात येईल. तिच्या जागी पोरीला घेऊन चल." पोरगी नववीत होती.

"मग?"

"मग काय. माझी हाडं चांगली हायत म्हनून कागद लिहून द्या. तुमच्यामुळंच कळलं त्याला, तुमचंच ऐकंल."

मी खूप समजावलं. दुसरं काम बघू म्हणाले, पोरीला माझ्याकडे ठेवा म्हणाले. "पोरगी ठिवून घ्याल," ती म्हणाली, "पन तिच्या बापाला कोयता कोन देईल? आन घरी दोन बारकी हायत." मला रडू फुटलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती उलट माझीच समजूत घालायला लागली. "काहून रडता, ताई? लिव्हा."

मी लिहिलं. वजन उचलण्यास हरकत नाही. सही केली, शिक्का मारला. तिनं कागदाची घडी ब्लाउजात ठेवली आणि शेवटची बस गाठायला लगबगीनं गेली. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

पोरगी शाळेत जाते. आजीजवळ राहते. हे मी स्वतःला दिवसातून दहादा सांगते, आणि त्यानं काही होत नाही. कारखान्याकडचा अनोळखी नंबर फोनवर दिसला की उचलायला हात धजत नाही. दुसऱ्या वर्षाचं काम जोरात चालू आहे. माझ्या वहीत वैनीच्या हाडांचं खरं लिहिलंय, मुकादमाच्या खिशात खोटं, आणि दोन्हीखाली सही माझीच. या घटकेला ती कुठल्यातरी फडात मोळी डोक्यावर घेऊन, फळीवर तोल सांभाळत ट्रकात चढत असेल.