रत्नाबाईंचे दोन डबे

कुंडलिक गुरुजींनी रत्नाबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते आळे गावातल्या प्रशिक्षणात, आणि तेही जमिनीवर बसलेलं.

ते टीव्हीचं प्रशिक्षण होतं. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. काही शाळांना रंगीत टीव्ही मिळाले होते आणि ते वर्गात कसे वापरायचे हे शिकायला आजूबाजूच्या दोन तालुक्यांतले गुरुजी जमले होते. साहेब बोलत होते, गुरुजी माना हलवत होते. चहाची वेळ झाली तशी खुर्च्या सरकल्या. शंका कोणाला विचारायची नव्हतीच. तेवढ्यात एक किडकिडीत बाई उठल्या, तरातरा चालत खोलीच्या पार मागच्या भिंतीशी गेल्या आणि साडी सावरून फरशीवर मांडी घालून बसल्या.

"काय झालं बाई? चक्कर आली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. पहिलीतलं पोर कुठं बसेल, तिथून बघते आहे. इथनं नुसतं चकाकतं. चित्र दिसतच नाही."

सगळे हसले. कुंडलिक गुरुजीही हसले. पण घरी जाताना एसटीत त्यांना आठवलं, की आपल्या शाळेचा टीव्ही आपण उंच फळीवर ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल घातलाय आणि खंडेनवमीला त्याची पूजा करून त्याला झेंडूची माळही घातलीये. पोरांना तो कुठून कसा दिसतो, हे काही आपण बसून पाहिलेलं नाही.

पुढं काही वर्षांनी बदल्यांच्या मोसमात लोणीकडच्या एक बाई गुरुजींच्याच खडकवस्तीच्या शाळेवर हजर झाल्या. गुरुजींनी ओळखलं. त्याच त्या, फरशीवर बसणाऱ्या. खडकवस्ती म्हणजे आळे आणि बेल्हे यांच्या मधली, कांद्याच्या शेतांत विखुरलेली घरं. शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोघंच. गुरुजी मुख्याध्यापक, उरलेलं सगळं बाई.

त्यानंतर दोन हजार तीनच्या जूनमध्ये संगणक आला. तालुक्यातल्या मोजक्याच शाळांना मिळाला आणि त्याला अट होती: वर्षाअखेर मूल्यमापन होईल, वापर दिसला नाही तर यंत्र काढून दुसऱ्या शाळेला जाईल. शाळा समितीचे अध्यक्ष गेणभाऊ टेम्पोबरोबर स्वतः आले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवून सांगितलं, "गुरुजी, ह्ये मशीन वस्तीतनं गेलं तर लई नाचक्की व्हईल बगा. बेल्ह्याच्या बाजारात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

गुरुजींच्या मनात भीती बसली ती त्या दिवसापासून. ते कुलूप आणायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "कुलूप रात्रीपुरतं, गुरुजी. दिवसा नको."

यंत्र येण्याआधीच बाईंची तयारी सुरू झाली होती. टोमॅटोचं एक रिकामं खोकं त्यांनी टेबलावर उलटं ठेवलं, त्याच्यावर खडूने पडदा काढला आणि पोरांना तीन-तीनच्या गटानं भोवती बसवून पाहिलं. कोणाचा हात पोचतो, कोणाची मान वाकडी होते, उजेड कुठून येतो. मग टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेतले. गेणभाऊ म्हणाले, "बाई, चांगल्या टेबलाचं तुमी पाट केलं." बाई म्हणाल्या, "भाऊ, साहेबांना बसायचं नाही तिथं. पोरांना बसायचं आहे."

दुसरी अडचण लाईटची. एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री, आणि दिवसाची म्हणजे दुपारी बारा ते तीन. कोणत्या आठवड्यात कधी लाईट, हे वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ, कारण घरी मोटार चालू करायची असायची. बाईंनी शाळेचं वेळापत्रकच त्या लाईटला बांधलं. दिवसाची पाळी असेल त्या आठवड्यात इतिहास-भूगोल सकाळी उरकायचे आणि दुपार संगणकाची. रात्रीची पाळी असेल तेव्हा संगणक झाकलेला. पण अक्षरं कुठल्या कळीवर आहेत याचा सराव पोरं अंगणात कीबोर्डसारख्या आखलेल्या चौकोनांवर उड्या मारून करायची. लांबून बघणाऱ्याला वाटे, पोरं लंगडी खेळतायत.

आणि तिसरी गोष्ट, डबे. डालड्याचे दोन रिकामे डबे बाईंनी खिडकीत ठेवले. एक मुलांचा, एक मुलींचा. ज्यानं स्वतः माऊस हातात धरून आपलं काम पुरं केलं, त्यानं एक चिंचोका डब्यात टाकायचा. नुसतं बघितलं तर नाही. अर्धं काम केलं तर नाही. चिंचोका ज्याचा त्यानं घरून आणायचा.

गुरुजींना हा पोरखेळ वाटला. त्यांनी आपल्या पद्धतीनं फळ्यावर ठळक लिहून ठेवलं होतं: "संगणक वापर – सर्व विद्यार्थी." वाचायला ते बरं वाटायचं.

गणपतीच्या सुटीआधी बाईंनी दोन्ही डबे ओतले. मुलांच्या डब्यातला ढीग ताटभर झाला. मुलींच्या डब्यातून पडले ते मूठभर. आणि पोरी तर पोरांइतक्याच होत्या.

बाई तो मूठभर ढीग बघत बसल्या. गुरुजी समजूत घालायला म्हणाले, "पोरींना आवड कमी असते हो बाई."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण आधी बघू तरी."

मग त्या आठ-दहा दिवस दुपारी नुसत्या दारात उभ्या राहिल्या. आणि दिसलं ते असं. खिचडी खाऊन झाली की ती शिजवणाऱ्या लंकाबाईंच्या मदतीला ताटल्या घासायला पोरी जायच्या. कोणी सांगितलेलं नव्हतं, चालतच आलेलं होतं. लंकाबाई हापशावर गेल्या की पोरी ओळीनं त्यांच्यामागे. तोवर इकडं लाईट आलेली असायची आणि गेणभाऊंचा नातू गोरख माऊस धरून बसलेला असायचा. हुशार पोर. कोणाला त्रास न देता सगळं एकटाच करायचा. पोरी हात पुसत यायच्या आणि त्याच्या खांद्यावरून बघायच्या.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम झाला. ज्यानं खाल्लं, त्यानं आपली ताटली घासायची आणि माऊस नंबरानंच धरायचा.

वस्तीत त्याचा बोभाटा झाला. गेणभाऊ थेट शाळेत आले. "बाई, आमच्या गोरखला भांडी घासाया लावता? घरात त्याच्या आजीनं त्याला कधी तांब्या उचलू दिला न्हाई!"

"म्हणून तर इथं शिकवायला लागतंय, भाऊ."

"आन् संगणकाचा नि भांड्याचा संबंध काय?"

बाईंनी दोन्ही डबे त्यांच्या हातात दिले. एक जड, एक हलका. गेणभाऊंनी दोन्ही तोलून पाहिले, डबे ठेवले आणि गेले. गोरख ताटली घासायला लागला. सुरुवातीला राखच जास्त उडवायचा.

संक्रांतीपर्यंत मुलींचा डबा अर्धा भरला. होळीपर्यंत दोन्ही डबे उचलून कोणता कोणाचा ते सांगता येईना.

आणि मग मूल्यमापनाची तारीख आली.

तपासणी म्हटली की गुरुजींच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. तीस वर्षांची सवय. साहेब यायचे म्हणजे भिंतींना चुना, फळ्याला काळा रंग, दारावर तोरण, पताका. बाई त्या आठवड्यात लोणीला आईच्या आजारपणात गेल्या होत्या, म्हणून सगळा भार गुरुजींनी आनंदानं अंगावर घेतला. संगणक पुसून चकचकीत केला. कळांवर बाईंनी चिकटवलेल्या मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या मळल्या होत्या, त्या खरवडायला घेतल्या, पण निघेनात म्हणून राहिल्या. पडद्यावर नवं प्लास्टिक घातलं. वर झेंडूचा हार.

पताकांचा रंगीत कागद आला, पण तो चिकटवायला खळ नव्हती.

"खळीला चिंचोकं पायजेत गुरुजी," लंकाबाई म्हणाल्या.

"मग त्या खिडकीत डबेच्या डबे पडलेत की," गुरुजी म्हणाले.

लंकाबाईंनी चिंचोके भाजले, कुटले, शिजवले. झकास खळ झाली. पोरांनी दिवसभर पताका चिकटवल्या आणि शाळा लग्नघरासारखी दिसू लागली. डबे राखेनं घासून, पालथे करून खिडकीत ठेवले.

तपासणीच्या सकाळी बाई एसटीतून उतरून तडक शाळेत आल्या. पताका बघून हसल्या. मग खिडकीपाशी गेल्या, डबा सरळ केला आणि आत पाहिलं.

"गुरुजी, ह्यातले चिंचोके?"

गुरुजींनी वर पाहिलं. वाऱ्यावर पताका फडफडत होत्या.

"बाई... मी... खळ..."

बाईंनी एक पताका हलकेच ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "चांगल्या चिकटल्यात." आणि हजेरी घ्यायला गेल्या. रागावल्या असत्या तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

साहेब दुपारी येणार होते, ते आले अडीचला. लाईट तीनला जाणार. चहा नको म्हणाले. संगणक पाहिला. हार, नवं प्लास्टिक, चकचकीत खोकं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गुरुजी, हे यंत्र वापरात आहे का देव्हाऱ्यात? आधीच्या शाळेत असंच होतं. पोरांना दुरून दाखवलं होतं."

"वापरात आहे साहेब! सर्व विद्यार्थी," गुरुजी फळ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"मग बसवा कोणाला तरी."

दारात उभ्या असलेल्या गेणभाऊंनी नातवाला ढोसलं. गोरख अर्धा उठला. गुरुजी बाईंच्या कानाशी आले. "बाई, वेळ थोडा आहे. गोरखला बसवा. तो धडाधड करून दाखवेल."

"आज नंबर भागूचा आहे, गुरुजी."

"अहो, आजच्या दिवस तरी! यंत्र जाईल!"

"यंत्र गोरखसाठी राहणार असेल तर काय उपयोग? ती गेल्या पाळीपासून वाट बघते आहे."

भागू ही डोंगराकडून कांदा काढणीला आलेल्या आणि मग वस्तीवरच राहिलेल्या घरातली. कमी बोलायची. ती उठली, हार बाजूला ठेवला, प्लास्टिक काढून त्याची घडी केली आणि बसली. स्टॅबिलायझरचा काटा वर येईपर्यंत थांबली, मग बटण दाबलं. काम होतं स्वतःचं नाव, आईचं नाव आणि गावाचं नाव लिहायचं. एका बोटानं ती एकेक अक्षर शोधू लागली. दाबायच्या आधी प्रत्येक वेळी ओठ हलायचे आणि एक पाऊल जमिनीवरून जरासं उचललं जायचं, चौकोनात उडी मारल्यासारखं.

'भागू' झालं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. 'रखमा' झालं. गावाचं नाव सुरू झालं, 'खड' एवढं उमटलं, आणि लाईट गेली.

गुरुजींनी डोळे मिटले.

भागू घाबरली नाही. तिनं स्टॅबिलायझर बंद केला, भिंतीवरचं बटण बंद केलं, कापड घातलं. मग परकराच्या ओच्यातून एक चिंचोका काढला आणि खिडकीकडे निघता निघता थांबली.

"बाई, टाकू का? गाव ऱ्हायलं अर्धं."

"नको," बाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला."

गुरुजींना वाटलं, आता डोकं भिंतीवर आपटावं.

"काय टाकायचं?" साहेबांनी विचारलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं. कामाचा नियम, दोन डबे. आणि न विचारता हेही सांगितलं, की पहिले तीन महिने पोरींचा डबा जवळजवळ रिकामा होता, आखलेला बेत चुकला होता, ताटल्या घासण्यात चुकला होता. गुरुजी मधे खाकरले, पण बाई थांबल्या नाहीत.

"बरं, मग ते चिंचोके दाखवा."

बाईंनी खिडकीतल्या रिकाम्या डब्यांकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून लंकाबाई म्हणाल्या, "त्ये काय सायेब, तुमच्या डोक्यावर हायेत. गुरुजींनी खळ करून पताका लावल्या. तुमच्यासाठनंच!"

साहेबांनी वर पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. आणि खुर्चीवर बसून इतके हसले की गेणभाऊंनाही हसावं लागलं.

"राहू द्या यंत्र इथं," डोळे पुसत साहेब म्हणाले. "पण बाई, मुलांचा वेग फार कमी आहे. तसं मला लिहावं लागेल."

"लिहा साहेब," बाई म्हणाल्या. "खरंच आहे ते."

दोन आठवड्यांनी दिवसाची लाईट आली तेव्हा भागूनं गाव पुरं लिहिलं. रिकाम्या डब्यात चिंचोका पडल्याचा आवाज शेजारच्या खोलीत गुरुजींना ऐकू आला. फळ्यावरचं 'सर्व विद्यार्थी' त्यांनी त्या दिवशी पुसलं. नवं काही लिहिलं नाही.

तो संगणक पुढं चार वर्षं चालला आणि एका वळवाच्या विजेत जळाला. तोवर बाईंची बदली झाली होती. गोरखचं आता आळेफाट्याला अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. भागू बेल्ह्याला हायस्कूलपर्यंत शिकली, तिची मुलगी यंदा पहिलीत गेली.

रत्नाबाई निवृत्त होऊन लोणीला धाकट्या भावाच्या शेजारी राहतात आणि दर गुरुवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी एसटीनं मंचरला जातात.