वसंताचं ‘हो’

वसंता गेला त्याला पाच आठवडे झाले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी दुकानात एका बाईला ब्लाउजचं अस्तर फाडून देत होतो. “भाऊजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. कापड हातात तसंच राहिलं... आणि मनात पहिला आला तो विचार दुःखाचा नव्हता. याला दवाखान्यात मी पाठवलं, असा तो विचार होता. पत्त्यांत हरवून पाठवलं.

वसंता नालवाडीचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि सकाळी स्वतः हर्रासाला, भाजीच्या लिलावाला, घेऊन जायचा. माझं बटणं, लेस आणि अस्तराचं दुकान. शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासून तो मला शेठ म्हणायचा, माझ्या बापाचीही तेव्हा टपरीच होती तरी. गेली काही वर्षं दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ जण पोकर खेळत होतो. पैसा नाही, सगळा खेळ बटणांवर. प्रत्येकाला सारखी बटणं, हातात दोन झाकली पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी. बटणं संपली की उठायचं, शेवटी उरेल तो जिंकला. दर अर्ध्या तासाला सक्तीची सुरुवातीची बोली दुप्पट व्हायची, त्यामुळे शेवटी शेवटी चांगल्या पानांची वाट बघत बसलं तर माणूस बसल्या जागीच संपायचा.

तिथेच मी सुटायचो. माझा स्वभावच आडदांड आहे, बायको रोज सांगते. तीन-चार जण उरले की मी पानं कशीही असोत, सगळी बटणं दोन्ही हातांनी पुढे लोटायचो. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून बाकीचे आपली पानं टाकून द्यायचे आणि मी मधला ढीग ओढून घ्यायचो. एका रविवारी मात्र वसंताने राणी आणि नव्वी एवढ्याच भांडवलावर मला “दाखव” म्हटलं. माझ्याकडे पंजी आणि दुर्री होती. सगळ्यांसमोर माझी फजिती झाली. मी चिडून विचारलं, “तुले कसं समजलं बे?”

“हर्रासात उभा राह्यत जा जरा,” तो म्हणाला. “ज्याले माल पाह्यजे, तो वांग्याच्या ढिगाकडे पाह्यते. ज्याले फक्त दुसऱ्याले पळवाचं आहे, तो मानसायच्या तोंडाकडे पाह्यते. तू मघापासून माह्या तोंडाकडे पाहून राह्यला.”

पुढे तो हेही म्हणाला, की ओरडणाऱ्यासमोर हुकमी पानांची वाट पाहायची नसते. पानं मधली असली तरी छाती करून हो म्हणायचं. आणि हर्रासात एकदा हो म्हटलं, की मग माल कसाही निघो, उचलायचा.

मागच्या वर्षी त्याला धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप खराब झाली होती. डॉक्टरांनी त्याला, वहिनींना आणि मला समोर बसवून नीट सांगितलं. ऑपरेशनमध्ये धोका आहे, पण केलं नाही तर फार दिवस नाहीत. वसंताने मान हलवली आणि घरी येऊन टाळाटाळ सुरू केली. आधी वांगी निघू दे, मग पोळा होऊ दे, मग पुतणीचं लग्न. मी ओरडलो, शिव्या दिल्या, आठ दिवस अबोला धरला. तो नुसता हसायचा... आणि दुकानाच्या दोन पायऱ्या चढताना भिंतीला हात लावायचा.

मग तो रविवार आला. खेळ संपत आला होता, आम्ही दोघंच उरलो होतो आणि बाकीचे खुर्च्या ओढून बघत बसले होते; मधली पानं उलटायचं काम आमच्यातल्या मास्तरांकडे होतं. पानं वाटायच्या आधी मी म्हटलं, “वसंता, आज मी जितलो तर उद्या तू भरती होशील. तू जितलास तर ऑपरेशनचं नाव मी पुन्हा काढणार नाई.” त्याने गड्डी माझ्याकडे सरकवली आणि तो म्हणाला, “वाट.”

पाच-सहा डाव मी लोटत राहिलो, तो टाकत राहिला. त्याची बटणं कमी होत गेली. मग मी पानं उचलली, तर दोन एक्के. विश्वास बसेना म्हणून खाली ठेवून पुन्हा उचलून पाहिले. सगळी बटणं पुढे लोटली. वसंताने पानं पाहिली, मला पाहिलं, पुन्हा पानं. त्याचं कपाळ घामेजलं होतं आणि मला वाटलं, याला इथेच काही झालं तर?

“दाखव,” तो म्हणाला.

त्याच्याकडे राजा आणि सत्ती होती. मधली पानं उलटू लागली. नव्वी, राणी... आणि राजा. त्याची जोडी जमली. आता आणखी एक राजा किंवा सत्ती आली की तो जिंकणार, आणि मी शब्दाला बांधलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा पडला होता. नाटक करतोय, असं मला वाटलं. चौथी चौकी आली. पाचवं पान उलटायला मास्तरांनी जन्म लावला. तिर्री. मी टेबलावर मूठ आपटून ओरडलो, पोरासारखा. वसंता उठला, चप्पल घातली आणि म्हणाला, “चाल शेठ. उद्या येजो गाडी घेऊन.”

मी गाडी घेऊन गेलो. पुढचं वर लिहिलंच आहे.

तेरवीला मी पंगतीत बसलो नाही, बसवेना. वहिनी आतल्या खोलीत होत्या, तिथे जाऊन सरळ सांगितलं, की वहिनी, मी त्या दिवशी हरलो असतो तर तो आज असता. त्यांनी डोळे पुसले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यायले मालूम होतं, भाऊजी. त्या दिवशी घरी आले अन् म्हनाले, आज शेठजवळ माल होता. त्यानं दोनदा पत्त्याकडे पाह्यलं.”

मी विचारलं, “मंग ‘दाखव’ काऊन म्हटलं त्यानं?”

“मीबी तेच विचारलं. म्हनाले, मले लय भेव वाटते. माह्या तोंडातून हो निघून नाई राह्यलं. पत्त्यात हरलो म्हंजे जावंच लागते. अन् राजा आला तं म्हनाले, जीवच गेला माहा, जितलो असतो तं?”

म्हणजे मी त्याला हरवलंच नव्हतं. तेरा दिवस ज्या विजयाबद्दल मी स्वतःला शिव्या घालत होतो, तो त्याने मला दिला होता. हे कळून हलकं वाटायला हवं होतं, पण मला त्याचा भयंकर राग आला. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि एवढी एक गोष्ट मला सांगता आली नाही?

“मले काऊन नाई सांगतलं त्यानं?” मी जवळजवळ ओरडलोच.

वहिनी म्हणाल्या, “सांगतलं असतं तं तुमीबी भेले असते, भाऊजी.”

खरं आहे. तो एकदा जरी “भेव वाटते” म्हणाला असता, तर ते दोन्ही एक्के मी न दाखवता टाकून दिले असते.