गॅलरीखालचा टेकू

बोथ गावातल्या आमच्या घरावर मजला चढवला, तेव्हा गॅलरी रस्त्याच्या बाजूला चांगली चार फूट बाहेर काढायची ठरली, तीही खाली एकही खांब न देता. मिस्त्री तिला कॅन्टिलिव्हर म्हणायचा. आणि तिच्या बरोबर खाली आई रोज भाजी विकायला बसते.

भीती वाटली की मी मोबाईल उघडतो, ही माझी खोड. अर्थ सापडला: एका टोकाला पक्की धरलेली आणि दुसरं टोक अधांतरी पुढे आलेली तुळई. शब्दाचा शेवटचा भाग, लिव्हर, म्हणजे उचलायची तरफ. तो लॅटिनमधल्या ‘हलकं’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. एवढा जड स्लॅब आणि मुळाशी म्हणे हलकं! सुरुवातीच्या ‘कॅन्ट’चं मूळ तर नक्की कुणालाच ठाऊक नाही. कडा असेल, नाहीतर कलणं, असे नुसते अंदाज. ‘कलणं’ वाचून मी पुढचं भराभर चाळलं.

पुढे वाचलं, की यात सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला राहायला हव्यात. आणि स्लॅबचं काँक्रीट भरायच्या दिवशी गडी सळयांवर खुशाल नाचताना मी पाहिले होते. दबल्या असतील तर?

स्लॅबखालचं सेंटरिंग, म्हणजे आधाराच्या फळ्या-बल्ल्या काढताना मी हट्टालाच पेटलो, एक टेकू राहू द्या म्हणून.

“टेकूच ठेवाचा होता तं कॅन्टिलिव्हर काऊन कराले लावली?” मिस्त्री वैतागला.

“राहू द्या ना भाऊ,” आई म्हणाली, “मी वजनकाटा लटकवीन त्याले.”

तेव्हापासून आई टोपली मांडायच्या आधी मी रोज टेकूला हात लावून यायचो. हलवून पाहायचा धीर मात्र कधी झाला नाही.

पावसाळा गेला, कापूस घरात आला. परवा कोळ्याचं जाळं काढायला वर पाहिलं, तर टेकू आणि स्लॅब यांच्यात बोटभर फट. टेकू आईच्या भाजीच्या टेबलाला खालच्या अंगानं सुतळीनं बांधून उभा होता.

“माय, हा कवापासून सुटा हाये?”

“वरची पाचर तं मिस्त्रीनं त्याच दिवशी काढली,” वांगी तोलता तोलता ती म्हणाली. “तू लय भेऊन राह्यला होता, म्हून उभा ठेवला.”

म्हणजे अख्खा पावसाळा गॅलरी टेकूशिवायच उभी होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. गिऱ्हाईक गेल्यावर मी खाली वाकलो आणि सुतळीची गाठ घट्ट केली.