परबकाकांचं ‘येतो गं’

“केस क्लोज कर,” आमच्या डिपार्टमेंटच्या मॅडम म्हणाल्या. “तीन महिन्यांत एक शब्द नाही. वेटिंग लिस्ट बघ जरा.”

मी स्पीच थेरपिस्ट. स्ट्रोकने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. वर्तकनगरचे परबकाका माझे पेशंट. त्यांना सगळं समजायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. मी कपाचं चित्र असलेलं कार्ड दाखवायचे, घराचं दाखवायचे. काका चिडून कपाळावर हात मारून घ्यायचे.

शेवटच्या सेशनला गेले, तर काकूंची बॅग भरलेली. दुसऱ्या दिवशी त्यांना बायपाससाठी ॲडमिट व्हायचं होतं.

“एकदा यांचा आवाज ऐकून गेले असते गं,” त्या म्हणाल्या. “छत्तीस वर्षं कंपनीत गेले, पण ‘येतो गं’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. विसरले तर अर्ध्या जिन्यातून परत यायचे.”

मी डोक्याला हात लावला. ही बाई तीन महिने समोर बसलेली आणि मी शहाणी कार्डं नाचवत होते. नवं वाक्य जुळवणं वेगळं आणि सवयीचं बोलणं वेगळं. पहिलं गेलं तरी दुसरं कधी कधी शाबूत राहतं. म्हणून मी त्यांना आकडे मोजायला, देवाचं नाव घ्यायला लावून पाहिलेलं. दारापर्यंत मात्र गेले नव्हते.

काकांना उभं केलं. पायात चपला, खांद्याला कंपनीची जुनी बॅग. कडी त्यांनाच काढायला लावली. काकू नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

काकांनी मागे वळून पाहिलं. ओठ दोनदा नुसतेच हलले.

“येतो गं.”

“लवकर या,” काकू म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या. मलाही रडू आवरेना.

सकाळी काकू “येते हं” म्हणून निघाल्या, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

केस मी बंद केली नाही. काकांना आता पाच-सहा शब्द येतात. पण रोज सकाळी ते चपला घालून दाराशी येतात, “येतो गं” म्हणतात आणि थांबतात. उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाहीत. मुलगी म्हणते, “मला नाही हो म्हणवत.” मंगळवारी मी असते, तेव्हा मी म्हणते.

नव्या पेशंटकडे गेले की मी आता आधी कार्डं काढत नाही. घरातून निघताना ते काय म्हणायचे आणि त्यांना उत्तर कोण द्यायचं, एवढं विचारून घेते.